विक्रीचं कारण

या, अशा जवळ या. मागे कशाला बसलात, इथे पुढे दोन वितींची जागा आहे. आज एक गोष्ट सांगायची आहे. प्रेमाची आहे, पण डोळे पुसायला काहीतरी हाताशी असू द्या.

एका भर दुपारी एका फोटोवाल्याच्या दुकानातली वीज गेली, आणि नेमकी तेव्हाच पाठीवर गिटार घेतलेली एक मुलगी आत आली. गल्लीतल्या पोरांना ती गिटार शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत.

“हिचे फोटो काढून द्याल? ऑनलाइन विकायची आहे. मी मोबाइलवर काढले तर भोपळ्याला काठी लावल्यासारखी दिसते.”

त्याने तिच्या मोबाइलमधले फोटो पाहिले आणि हसू दाबलं. “फार जवळून काढलेत. जवळून पोट फुगतं. लांब उभं राहायचं, मग झूम करायचं.”

“माणसांनाही हेच लागू का?”

“माणसांचं... माझ्याकडे फक्त पासपोर्टवाले येतात.”

वीज नव्हती हे बरंच झालं. त्याने दारातल्या मऊ उजेडात साधी चादर अंथरली, सुती फडक्याने बोटांचे ठसे पुसले. पण कॅमेरा लावला तर त्या चकचकीत लाकडात त्याचाच पांढरा शर्ट उमटला. मास्तरणीने आपली काळी ओढणी काढून त्याच्या अंगावर टाकली.

“आता दिसत नाही शर्ट,” ती म्हणाली, “पण तुम्ही अगदी रुसलेल्या विहीणबाई दिसताय.”

समोरून झाली, पाठीमागून झाली, खुंट्या झाल्या. कडेला एक टवका उडाला होता. त्याने तिथे मुद्दाम नाणं ठेवलं, टवका केवढा ते कळावं म्हणून.

“तो कशाला दाखवता?”

“दोष आधी दाखवायचा. घरी नेल्यावर सापडला की घेणाऱ्याचं मन मोडतं.”

तिने एकदम डावा हात पाठीमागे घेतला. त्याला वाटलं, आपण जास्त शहाणपण केलं.

जाहिरातीच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता — विक्रीचं कारण.

“लिहा, शेजारी कंटाळले,” ती म्हणाली.

पण तेवढ्यात ढग आले, आणि मागच्या बाजूचे फोटो पुन्हा काढावे लागतील असं ठरलं. चार दिवसांनी तो तिच्या घरी गेला. त्यानंतर पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा... कधी उजेड पिवळा पडला, कधी तारांवर धूळ दिसली. तिची थोरली बहीण चहा ठेवता ठेवता म्हणाली, “एका गिटारीचे किती ते फोटो? एवढ्यात एखाद्या लग्नाचा अल्बम झाला असता.”

“ताई, तू आत जा बरं.”

“जाते की. दारावर कुणी आलं तरी बाहेर येत नाही.”

रकाना मात्र कोराच. तो विचारायचा, आणि ती म्हणायची, “लिहा, ती माझ्यापेक्षा भाव खाते.”

शेवटी एके दिवशी तो म्हणाला, “तारा सैल दिसतात. सुरात लावा, एकदा वाजवून बघा, मग टिपतो.”

तिने गिटार मांडीवर घेतली. डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवली... आणि ती नुसतीच ठेवलेली राहिली. तार दबेना. ताई दारातूनच मागे फिरली.

त्याने कॅमेरा खाली ठेवला.

“दोन बोटं गेली,” ती म्हणाली. “मनगट जाईल. मग खांदा. डॉक्टर सांगत सांगत छातीपर्यंत आले आणि पाण्याचा ग्लास शोधायला लागले.”

त्याने लेन्सवर झाकण लावलं.

“मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “फोटो पहिल्याच दुपारी चांगले आले होते.”

“ठाऊक आहे. मीही धूळ पुसत नव्हते.” मग ती सावरून बसली. “आता निघा. पुन्हा येऊ नका. दोष आधी दाखवायचा म्हणालात ना, दाखवला.”

“मी कुठे—”

“मी विकायला काढलेली नाही.”

“मीही घ्यायला आलेलो नाही,” तो म्हणाला. “बसायला आलोय. बसू?”

तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. तो बसला.

त्या संध्याकाळी तिने सांगितलं आणि त्याने लिहिलं — बोटं चालत नाहीत, गिटार उत्तम आहे. दोन दिवसांत गिऱ्हाईक आलं आणि गिटार गेली. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

तो रोज दुपारी दुकान बंद करून येई. भात कालवून भरवी, तिचा हात उचलून उन्हात ठेवी. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा त्याने विचारलं, “देवावर चिडत नाहीस?”

“रोज चिडते. तो ऐकून घेतो, म्हणून तर त्याच्याशी बोलवतं.”

हिवाळा सरता सरता तिचा आवाज विरत चालला. एका दुपारी तिने त्याला कान जवळ आणायला लावला, आणि अडखळत म्हणाली, “आधी... जाणं सोपं वाटत होतं रे. तू जड करून ठेवलंस.”

त्याने कपाळावरचे तिचे केस तेवढे मागे सारले.

आठ दिवसांनी ती गेली.

तिची काळजी नको. जो तिची रोजची चीड ऐकून घेत होता, त्याच्याच दारी ती पोचली. पण फोटोवाला मागे राहिलाय. दुकान उघडतो, दुपारी सवयीने बंद करतो, आणि मग कुठे जायचं ते न सुचून पायरीवर बसतो. तेव्हा एवढं करा. देवापुढे हात जोडाल, आपली माणसं एकेक आठवून होतील, की शेवटी त्या फोटोवाल्यालाही आठवा. त्याला स्वतःसाठी काही मागणं अजून जमत नाही.