बोटं जागेवर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात अर्धे बिघाड सैल वायरचे असतात आणि उरलेले घरातल्या हुशार माणसाने आधीच हात घातल्याचे. बाईंचा कॉम्प्युटर दोन्हींत बसत नव्हता.

बाई पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायच्या. क्लास बंद पडला, टाइपरायटर भंगारात गेले. उरली ती दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, मधोमध लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या आणि पडद्यामागे बाईंची कॉट. भिंतीशी एका छोट्या टेबलावर भाच्याने पाठवलेला कॉम्प्युटर. बाईंशी बोलायला दूधवालासुद्धा थांबत नसे. पिशवी कडीला अडकवून तो निघून जायचा.

बिघाड तसा साधा. सुरू होताना यंत्र कीबोर्ड तपासतं. एखादं बटण दाबलेलं सापडलं की काळ्या पडद्यावर तसं लिहून अडून बसतं. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, दुकानात नेला. तिथे तो शहाण्यासारखा चालला. नवा आणला, तर इथे त्याचंही तेच रडगाणं. कीबोर्ड काढला की यंत्र सुरू व्हायचं, पण मग पासवर्ड कशाने टाकणार?

एरवी मी ‘उद्या बघू’ म्हणून काढता पाय घेतला असता. पण त्याच दुपारी भाचा व्हिडिओ कॉल करणार होता. मावशीला आता एकटीने राहणं झेपत नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. आज ती पडद्यावर दिसली नाही, तर तो येऊन खोली रिकामी करणार आणि तिला वृद्धाश्रमात नेणार.

“मला इथून जायचं नाही,” बाई म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

मागची वायर बघायला मी वाकलो आणि कीबोर्ड डोळ्यांच्या रेषेत आला. मधल्या ओळीतली बटणं खाली गेलेली होती. डावीकडची चार, उजवीकडची चार. मधली दोन तेवढी वर. मी कीबोर्ड उचलला, तशी सगळी वर आली. परत ठेवला. आधी डावीकडची खाली गेली, मग उजवीकडची.

बाईंनीही ते पाहिलं. त्यांना नवल वाटलं नाही.

“टाइपरायटरवर शिकलेले हात जड असतात,” त्या म्हणाल्या. “तिथे बोटं टेकवली तरी अक्षर उमटत नाही. इथे हलका हात लागतो, हे त्यांना कुठे माहीत.”

कोणाचे हात, असं मी विचारलं. बाई वर्गाचा नियम सांगू लागल्या. बोटं जागेवर ठेवायची आणि बाई सांगेपर्यंत थांबायचं.

“मग उठायला सांगा त्यांना,” मी म्हणालो.

“उठले तर जातील रे. मग या खोलीत राहून तरी मी काय करू?”

कॉलची वेळ होत आली होती. बाई कॉम्प्युटरसमोरच्या रिकाम्या खुर्चीमागे ताठ उभ्या राहिल्या.

“हात उचला,” त्या म्हणाल्या.

आठही बटणं वर आली.

मी यंत्र सुरू केलं. ते मुकाट्याने सुरू झालं.

बाई त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. शेजारी स्टूल ओढून बसल्या. मी त्यांच्यामागे उभा राहिलो. पडद्यावर भाचा आला, पाहत राहिला आणि त्याचा चेहरा एकदम सैलावला.

“क्लास परत सुरू केलास, मावशी? मग सांगायचं ना. एवढी माणसं असताना मी कशाला जीव टांगणीला लावून घेतला असता? राहा तू तिथेच.”

पडद्याच्या कोपऱ्यात आमचं चित्र दिसत होतं. बाई, मी आणि मागे रिकाम्या खुर्च्या.

भाचा जवळ वाकला.

“पण सगळ्यांनी हात वर का धरलेत?”

बाई मागे वळल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

“ठेवा खाली,” त्या हळूच म्हणाल्या.

लांब टेबलाच्या पलीकडच्या टोकापासून, लाकडावर हात टेकल्याचे आवाज एकामागून एक जवळ येत गेले. शेवटचा माझ्या कोपराशी झाला.