दोन ते चारचा मनांक

शेवंताबाई मारबत्यांची नातीबद्दल एकच तक्रार होती आणि ती त्यांची अख्ख्या सावरटोला वस्तीला ऐकवून झाली होती: पोरगी फार गुणाची वागते. अकरा वर्षांची त्रिशा उलटून बोलत नाही, ताटात भात टाकत नाही, भाजीला नाक मुरडत नाही. काही सांगितलं की "हो आजी." तलावाच्या ठेकेदारापासून तलाठ्यापर्यंत शेवंताबाईंनी हयातीत कुणाला सोडलं नव्हतं. त्यांच्या रक्ताची पोर घरात पाहुण्यासारखी राहते म्हणजे काय? तिची आई, शेवंताबाईंची लेक सुषमा, या वयात दिवसातून तीनदा रुसायची. ती काविळीनं गेली त्याला दोन वर्षं झाली. बाप हैदराबादला कामाला. घरात उरल्या दोघी, आणि त्यांत बोलणारी एकच.

पटसंख्या कमी म्हणून टोल्यावरची शाळा बंद झाली, तेव्हापासून पोरांची घरशाळा सुरू होती. सात पोरं सात घरांत आपापल्या पडद्यासमोर बसत. एकटं शिकता शिकता ती आतल्या आत मिटून जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर करड्या रबराची मनपट्टी असे. नाडीचे ठोके, घाम आणि कातडीची ऊब मोजून ती दर मिनिटाला शंभरांपैकी एक आकडा पाठवी. तो मनांक. मनांक चाळीसच्या खाली घसरला की धडा थांबे, साऱ्या वर्गाच्या पडद्यावर त्या पोराची चौकट पिवळी होई, आणि पोरांची मनं सांभाळायला नेमलेल्या कोवे मॅडम नागपूरहून त्याच्यासमोर हजर होत. मग एखादा विनोद, एखादं गाणं, आकडा वर चढेपर्यंत.

दुपारी दोन ते चार स्वाध्यायाची वेळ. पडदा बंद, पट्टी मात्र चालू; तेव्हाचे आकडे नुसते नोंदले जात. या वेळात तीन आठवड्यांपासून त्रिशाची पट्टी शेवंताबाईंच्या मनगटावर असे. ती मोठ्या माणसाच्या उबेवर चार्ज होते, लहान पोरांची ऊब तिला पुरत नाही, असं त्रिशानं सांगितलं होतं. शेवंताबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण ही गोष्ट त्यांना लगेच पटली. सरकारचं यंत्र आपल्या अंगच्या उबेवर चालतं, हे त्यांनी शेजारच्या वत्सलेला दोनदा ऐकवलं, आणि पट्टी मिरवत ओट्यावर शिंगाडे सोलायला बसू लागल्या. उकडलेला शिंगाडा एकीनं कापायचा, दुसरीनं सोलायचा, असं ते दोघींचं काम. सुषमा गेल्यापासून कापणं-सोलणं दोन्ही त्याच करत.

गुरुवारी सकाळी कोवे मॅडमनी आजींना मुद्दाम पडद्यासमोर बोलावलं. त्यांनी एक रेघ दाखवली. सकाळभर सरळ चालणारी ती रेघ रोज दुपारी दोनला विहिरीत पडावी तशी खाली जात होती आणि चारनंतर वर येत होती. सलग एकोणीस दिवस. एकवीस दिवस भरले की नियमाप्रमाणे मुलीला नागपूरच्या निवासी केंद्रात हलवावं लागतं. शनिवारी गाडी येईल, कपडे भरून ठेवा, असं त्यांनी शक्य तितक्या मऊपणे सांगितलं.

शेवंताबाई उसळल्या. पोरगी ढिम्म आहे, तिच्या डोळ्यांत टिपूस नाही, तुमचंच यंत्र बिघडलं असेल, असं बरंच बोलल्या.

"पट्टी चुकत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "लाखो मुलांच्या नोंदींवरून ती हे शिकली आहे. फार जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख आहे हे. रोज दोन ते चार, त्याच वेळेला."

दोन ते चार. शेवंताबाईंनी आपलं मनगट चाचपलं. त्यांनी नातीकडे पाहिलं. त्रिशा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिला आईची आठवण आली की रडायचं असे. पण वर्गात पट्टी हाताला असली की चौकट पिवळी होते, सगळी पोरं बघतात, मॅडम विनोद सांगतात आणि रडू अर्ध्यावरच राहतं. दुपारचे आकडेही मॅडमना कळतातच, म्हणून दुपारी पट्टी आजीला बांधून ती तलावामागच्या पळसाखाली जाऊन रडायची. पूर्ण रडायची, मग तोंड धुऊन यायची.

"अन् माह्याच हाताला काहून?" शेवंताबाईंनी विचारलं.

"तू रडत नाही ना कधी," त्रिशा म्हणाली. "आई गेली तेव्हाही नाही रडली. मला वाटलं, तुझा आकडा सगळ्यांत चांगला येईल."

ओट्यावर वत्सला शिंगाड्याची टोपली घेऊन कान देऊन बसली होती. ती ऐकते आहे हे शेवंताबाईंना दिसत होतं. तरी त्या पडद्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तो आकडा माहा हाय. पोरीले नेऊ नका."

मॅडमना पुरावा हवा होता, कारण अशी गोष्ट त्यांच्या कुठल्याच नियमात नव्हती. त्यांनी पट्टी तिथल्या तिथे बांधायला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला: अठ्ठ्याऐंशी. शेवंताबाई ताठ बसल्या होत्या, चारचौघांत बसतात तशा. पाच मिनिटं गेली, दहा गेली, आकडा हलला नाही. असंच राहिलं तर मला त्रिशाला हलवण्याचा आधीचाच अहवाल पाठवावा लागेल, असं मॅडम म्हणाल्या. त्रिशा उठली आणि खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात फ्रॉक भरू लागली.

ते पाहून शेवंताबाई बोलू लागल्या, कुणाकडेही न बघता. दवाखान्यात सुषमा घरी चल म्हणत होती. दुपारचे दोन वाजले असतील. आपण तिला म्हटलं, नाटकं करू नको, गप पडून राहा. ती गप पडली. चार वाजता डॉक्टर आले. तोवर ती गेली होती. ज्या तोंडानं लेकीला शेवटचं असं बोललो, त्या तोंडानं लोकांत रडायचं कसं, हे त्यांना दोन वर्षांत समजलं नव्हतं.

आकडा उतरत गेला. एकसष्ट. अडतीस. एकवीस. मॅडमनी ना विनोद सांगितला, ना गाणं लावलं. त्या एवढंच म्हणाल्या की गाडी येणार नाही, आणि पडदा काळा झाला.

त्रिशा पिशवी हातात घेऊन तशीच उभी होती. तिचं रडू या वेळी पळसापर्यंत थांबलं नव्हतं. शेवंताबाईंनी पदरानं आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग तिचं, जरा जोरातच.

"तू खोटी निघाली, पोरी," त्या म्हणाल्या. "अन् मीबी खोटी निघाली. या घरात खरं बोलली ती एकटी पट्टी. मंग आपण दोघी एका छपराखाली राहून दोन वर्षं केलं तरी काय?"