आज कुठला रंग?

"ओ मिस्टर! कॉलेजच्या खिडकीत काय वाळत घालताय?"

विद्युल्लता ओरडलीच. ती काही ओरडणाऱ्यातली नव्हती हो, पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर ओट्यावर एक उंच, सावळा तरुण उभा राहतो, हातभर कापडाचे दोन तुकडे तिच्याच खिडकीच्या गजाशी धरून डोळे बारीक करतो, म्हणजे काय!

"वाळत नाही घालत, मॅडम. रंग जुळवतोय." त्यानं मान वळवलीसुद्धा नाही. "जरा बाजूला होता का? तुमच्या साडीचा गुलाबी माझ्या निळ्यात पडतोय."

"माझी खिडकी, माझी साडी, आणि मीच बाजूला होऊ?"

आता मात्र त्यानं वळून पाहिलं आणि... पाहतच राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "नका होऊ मग. निळ्याचं काय ते नंतर बघू."

त्याचं नाव शरच्चंद्र. मूळचा इचलकरंजीचा, आणि भिवंडीत इक्बालसेठच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगमास्तर. रंग जुळवायला उत्तरेचा उजेड लागतो, हे त्यानं तिला त्याच दिवशी ऐकवलं. ट्यूबलाइटखाली दोन निळे सख्खे भाऊ वाटतात आणि दिवसा बाहेर काढले की एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. डाइंगची उत्तरेची बाजू एका नव्या गोदामानं पार बुजवून टाकली होती. आसपास तसा उजेड उरला होता तो फक्त कॉलेजच्या या ओट्यावर.

"रोज याल की काय?" तिनं विचारलं.

"रंग रोज असतो, मॅडम."

अठ्ठ्याऐंशी सालातली ही गोष्ट. विद्युल्लता तेव्हा त्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होती. आदल्या वर्षी तात्या, म्हणजे तिचे वडील गेले. भाऊ बडोद्याला, आपल्या संसारात. दोन खोल्यांत ती एकटी. सकाळी एक कप चहा, संध्याकाळी एक कप चहा. गल्लीत दिवसभर लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड चालायची म्हणून निदान घर रिकामं वाटत नसे. पण शुक्रवारी लूम बंद. त्या शांततेत तिला घड्याळाची टिकटिक ऐकू यायची आणि जीव नकोसा व्हायचा. कुणाशी तरी बोलावं, अगदी भांडावं, पण माणूस हवं, असं वाटायचं.

आणि आता रोज दुपारी खिडकीत एक माणूस यायला लागला होता. चक्क भांडणारा!

"आज साडी पांढरी? माझ्यासाठी?"

"तुमच्या निळ्यासाठी. उगाच चुकला तर माझ्या नावानं खडे फोडाल."

"चुकला तरी चालेल... असं वाटायला लागलंय हल्ली."

ती परीक्षानळ्या धुवायला वळायची. धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवायची.

एकदा त्यानं विचारलं, "आईच्या पदरावर हळद सांडली की पिवळी. साबण लावला की लालभडक. हे काय गौडबंगाल?" तिनं हळदीचं बोट कागदावर ओढलं आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब सोडला. पिवळी रेघ लालेलाल झाली.

"साबणातसुद्धा सोड्यासारखाच क्षार असतो. तो दिसला की हळद लाजते," ती म्हणाली. "कितीही लपवा, हळद खोटं बोलत नाही."

"माणसांचं असं काही नसतं का? थेंब टाकला की कळलं?"

"नसतं ना..." ती म्हणाली आणि कागद चुरगळून टाकला.

तिच्या घरामागून एक नाला वाहायचा. इक्बालसेठच्या डाइंगचं पाणी त्यातच सुटायचं. कधी निळा, कधी हिरवा, कधी कुंकवासारखा लाल. सकाळी उठलं की ती मागचं दार उघडायची. आज कुठला रंग? रंग दिसला की मास्तर ड्युटीवर, आणि दुपारी खिडकीत. एवढ्यावर तिचा दिवस गोड व्हायचा. घाणेरड्या नाल्याकडे बघून हसणारी बाई अख्ख्या भिवंडीत ती एकटीच असेल.

पण प्रयोगशाळेतला शिपाई बाळाराम अंजूरचा. त्याच्या गावाजवळच हा नाला खाडीला मिळतो. एका दुपारी तो तिला म्हणाला, "बाई, आमच्या खाडीला आता मासा गावत न्हाय. जाळं टाकलं तर जाळंच रंगून येतंय." मास्तर खिडकीत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

त्यानं हातातला कापडाचा तुकडा खाली केला. मग हळूच म्हणाला, "कापडाला लागतो तेवढाच रंग मी बघत आलो. उरलेला कुठं जातो, ते कधी बघितलंच नाही. शिकलेला असतो तर..."

"शिकलेली तर मी आहे. आणि मीही नुसती बघतच होते की," ती म्हणाली. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला डाइंगचं पाणी आणायला सांगितलं. चंचुपात्रात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचं हिरवट मीठ टाकलं, मग चुन्याची निवळी. पाणी ढवळलं आणि दोघं बघत बसली. निळा हळूहळू फाटला, गाळ तळाशी बसला, वर पाणी नितळ. हिरवाही बसला. लाल मात्र काही केल्या बसेना.

"हा हट्टी आहे," तो म्हणाला.

"काही असतात तसे," ती म्हणाली आणि दोघं हसली. गजावर त्याची बोटं तिच्या बोटांच्या अगदी जवळ होती. दोघांनीही ती हलवली नाहीत.

आणि नेमकी दिवाळीच्या तोंडावर तिला नागपूरहून नोकरी चालून आली. दूषित पाण्यावर काम करणारी मोठी संस्था होती. एम.एस्सी. झाल्यापासून ती अशाच संधीची वाट बघत होती. दिवाळीनंतर होकार कळवायचा होता. तिनं त्याला सांगितलं.

"मग?" त्यानं विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे... बघू."

जा म्हण, नाहीतर राहा म्हण, काहीतरी बोल रे बाबा, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. त्यानं कापडाची घडी केली, "चांगली बातमी आहे," म्हणाला आणि निघून गेला.

दिवाळीत लूम बंद, डाइंग बंद, खिडकी रिकामी. सुट्टी संपली तरी तो आला नाही. "मास्तर गावाला गेला ना," बाळाराम म्हणाला. "लगीन हाय त्याच्या घरात."

लूम पुन्हा खडखडू लागले. तिनं मागचं दार उघडलं. नाल्याला रंगच नव्हता! दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मास्तरच नाही, तर रंग कुठून असणार? दूषित पाण्यावर काम करायला निघालेली ही बाई, स्वच्छ नाला बघून उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. वेडेपणाच की नाही? पण एकट्या माणसाचा एवढासा आधार गेला की असंच होतं.

आणि मग बाजारात तो दिसला. पानाच्या ठेल्याशी उभा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. कुणाशी तरी हसून बोलत होता. तिनं रिक्षा थांबवली नाही. पोस्टात गेली आणि नागपूरला तार ठोकली, येते म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिडकीत हजर!

"अभिनंदन," ती कोरडेपणानं म्हणाली.

"कसलं?"

"हळद उतरली नाही अजून. बायकोनं साबण दिला नाही वाटतं."

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग दोन्ही हात गजांतून आत घातले. "शास्त्र शिकवता ना? नुसतं दिसलं म्हणून मानायचं? टाका थेंब."

तिनं सोड्याची बाटली घेतली.  त्याच्या पिवळ्या तळव्यावर थेंब पडला. ती वाट बघत राहिली... पिवळा तो पिवळाच. लालीचा मागमूस नाही.

"हळद नाही," ती पुटपुटली. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. तिनं त्याच्या बोटावर सौम्य आम्लाचा थेंब लावला आणि लोह ओळखायच्या बाटलीतला दुसरा थेंब वर सोडला. बोट गडद निळं झालं.

"लोह! हा गंजाचा पिवळा. म्हणजे... हिराकस?"

"लगीन बहिणीचं होतं. अक्षता टाकून आलो. लूम सुरू व्हायच्या आत डाइंगच्या मागं टाकी खणली, तेव्हापासून चुना-हिराकस कालवतोय. लाल तेवढा अजून काढलेला नाही. सेठ म्हणाला, पागलपन तेरा, जगह मेरी, कर ले. तुम्ही नाला नाही बघितला?"

"रोज बघत होते. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणून रंग नाही."

"अहो, मी होतो म्हणून रंग नव्हता!"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मी तार केली, मास्तर. येते म्हणून कळवलं."

 मागं एक लूम अडखळून बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

"राहा म्हणायला आलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी जीभच उचलली नाही. मला तुम्ही आवडता. निळ्यात गुलाबी पडला तेव्हापासून. पण आता राहा म्हणणार नाही. टाकीत सगळं बसतं, लाल बसत नाही. तो कसा बसवायचा, ते तिथंच कुणाला तरी ठाऊक असेल." त्यानं तिचा हात ओल्या, निळ्या-पिवळ्या बोटांत घट्ट धरला. "शिकून ये. मी आहे इथं."

ये म्हणाला. या नाही. तिनं हात सोडवून घेतला नाही.

निघायच्या दिवशी कल्याण स्टेशनकडे जाणारी रिक्षा तिनं नाल्याच्या पुलावर थांबवली. शुक्रवार नव्हता, तरी तिला सगळं शांत वाटलं. पाणी नितळ होतं. काठाकाठानं तेवढी एक बारीक लाल रेघ वाहत चालली होती.

मास्तर ड्युटीवर होता.

"भैया, जल्दी चलो," ती डोळे पुसत म्हणाली. "मुझे जल्दी वापस आना है."