ठिपक्यांचा छापखाना

दारात उभ्या असलेल्या माणसानं 'आत येऊ का' असंही विचारलं नाही. एका हातात काठी, दुसऱ्या बगलेत उशीएवढं जाडजूड पुस्तक, आणि चेहऱ्यावर भांडायला आल्याचा भाव.

"पान त्र्याऐंशी, ओळ सहावी," तो म्हणाला. "नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते असं तुम्ही छापलंय. ती वाहते पश्चिमेकडून पूर्वेकडे. परीक्षेत माझा एक गुण गेला."

"कधी?" धाकटीनं विचारलं.

"एकोणीस वर्षांपूर्वी."

तिला खुदकन हसू फुटलं. हसायला नको होतं खरं तर... "आणि तुम्ही आज आलात?"

"आज पहिल्यांदाच या गावात उतरलोय. पुढची बस दोन तासांनी आहे. म्हटलं, तोवर सोक्षमोक्ष लावून टाकू."

आवाज ऐकून आतून आत्या आली. हा छापखाना तिच्या वडिलांनी, म्हणजे धाकटीच्या आजोबांनी सुरू केलेला. ते होते दुसऱ्याच्या छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारे साधे कामगार. थोरल्या मुलाची दृष्टी लहानपणीच तापात गेली, तेव्हा त्याच्यासाठी पहिलं पुस्तक त्यांनी दाभणानं ब्रेलचा एकेक ठिपका टोचून स्वतः केलं. मग शेजारच्या एका अंध मुलीसाठी दुसरं केलं. पुढं तळमजल्याच्या तीन खोल्यांत यंत्रं आली आणि दूरदूरच्या अंधशाळांत पुस्तकं जाऊ लागली. आजोबा गेले, थोरले काका गेले. बाकीची भावंडं आपापल्या नोकऱ्यांमागे पांगली आणि छापखाना राहिला या दोघींच्या गळ्यात. तक्रार मात्र दोघींपैकी एकीचीही नव्हती.

आत्यानं पुस्तक हातात घेतलं, पान त्र्याऐंशी काढलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"त्या वर्षी मीच तपासलं होतं," ती म्हणाली. "चूक माझीच. तपासायला डोळस माणसं बसवली की हे असंच होणार. नोकरी करता का इथं?"

त्याची दोन तासांनंतरची बस चुकली, ती चुकलीच.

तपासणीची त्या घरातली रीत ठरलेली होती. टेबलाच्या अलीकडे तो, बोटांनी ठिपके वाचत मोठ्यानं बोलणार. पलीकडे धाकटी, छापील मूळ प्रतीवर पट्टी सरकवत ऐकणार. तिनं दोनच शब्द बोलायचे, 'चूक' नाहीतर 'पुढे'. चूक निघाली की आत्या छपाईच्या पत्र्यावरचा तो ठिपका हातोडीनं सपाट करून शेजारी नवा उठवणार. हवा दमट असली की कागद मऊ पडायचा, ठिपके बसायचे, आणि हा कुरकुरायचा, "आज तुमची अक्षरं झोपलीत. उठवा त्यांना."

याला कुठं दिसतंय, म्हणून धाकटी खुशाल त्याच्याकडे बघत बसायची. ओळीवरून सरकणारी त्याची बोटं, अवघड शब्दापाशी किंचित कलणारी मान...

"मूळ प्रतीकडे बघा," एकदा तो मध्येच म्हणाला.

"तिकडंच बघतेय."

"खोटं. प्रतीत बघून बोलता तेव्हा तुमचा आवाज टेबलावरून येतो. आत्ता सरळ माझ्या तोंडावर येतोय."

धाकटी कानापर्यंत लाल झाली. तेवढं त्याला दिसलं नाही, हेच नशीब!

मग त्याची भीड चेपली. भूगोलाच्या पुस्तकात तो बिनदिक्कत पदरची वाक्यं घुसडू लागला.

"या प्रदेशात थंडी कडाक्याची असून, इथल्या मुली चहात साखर घालायला विसरतात."

"चूक! मूळ प्रतीत असं काही नाही."

"चहातही नाही."

आतल्या खोलीत आत्याची हातोडी क्षणभर थांबायची. ती हसत असावी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाऱ्यांचं होतं. तो त्या दिवशी नेहमीपेक्षा सावकाश वाचत होता. "हे वारे वर्षभर एकाच दिशेनं वाहतात. जहाजांना त्यांचा आधार असतो. आणि... ठिपके वाचणाऱ्या माणसाला समोरच्या मुलीशिवाय हल्ली कुठंच करमत नाही."

धाकटीची पट्टी थांबली. बोलायला फक्त दोनच शब्द होते.

"पुढे," ती म्हणाली.

"पुढे काही नाही," तो कसाबसा बोलला. "एवढंच आहे."

आठ दिवस सुखात गेले. खरोखरच सुखात, दोघं नुसती गप्प बसली तरी वेळ पुरत नव्हता. नवव्या दिवशी त्याच्या नावानं पत्र आलं. पत्र साध्या शाईतलं होतं, म्हणून ते वाचून दाखवणं धाकटीच्याच वाट्याला आलं. तो शिकला त्या अंधशाळेचे मुख्याध्यापक वारले होते. बत्तीस मुलं होती, ठिपके शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. तो आला नाही तर शाळेला या वर्षअखेर कुलूप लागणार होतं.

तिनं पत्र पूर्ण वाचलं, एक शब्दही न गाळता.

"मी तिथंच वाचायला शिकलो," तो म्हणाला. "तुझ्या आजोबांच्या पुस्तकावर. ते हातात पडलं नसतं तर आजही घराच्या कोपऱ्यात बसून असतो. मला जावंच लागेल गं."

"माहीत आहे."

"तू चल माझ्याबरोबर."

आत्याचे गुडघे कामातून गेले होते. पायानं फिरवायचं छपाईचं यंत्र आता धाकटीच चालवायची. तिनं पाय उचलला की छापखाना थांबणार, आणि छापखाना थांबला की त्याच बत्तीस मुलांना पुस्तकं कुठून मिळणार?

आत्यानं मात्र संध्याकाळी तिला समोर बसवलं.

"तू जा. यंत्रं मी देऊन टाकते कुणाला तरी."

"आत्या, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. या यंत्रांपायी मी एका भल्या माणसाला परत पाठवलं. पस्तीस वर्षं झाली. सकाळी चहा करताना अजून मन एक कप जास्तीचं पाणी ठेवायला बघतं. तुझ्यावर ती पाळी नको."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं त्याला सांगितलं, "मी येतेय." त्यानं फक्त तिचा हात घट्ट धरला. परवाच्या बसची दोन तिकिटं ठरली.

आणि निघायच्या आदल्याच सकाळी त्याची भाड्याची खोली रिकामी! "पहिल्या बसनं जातो म्हणाले," घरमालकीण म्हणाली, "निघून झाली की दहा मिनिटं."

धाकटी धावत सुटली. स्थानकात बस उभी होती आणि रांगेत तो, पाठीला पिशवी लावून.

"न सांगता निघालास?"

तो दचकला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. तिला त्यांची पर्वा नव्हती.

"तू आलीस तर छापखाना बंद पडेल," तो म्हणाला. "ज्या घरानं मला अक्षरं दिली, त्या घराला मी कुलूप लावू? माझ्यानं नाही होणार. आणि समोरासमोर सांगितलं असतं तर... जाताच आलं नसतं."

"मग माझ्या वतीनं तूच ठरवलंस? कोण रे तू माझं ठरवणारा?" तिला रडू आवरेना. "काल बॅग भरता भरता मीच थांबले होते. नाही येऊ शकत मी, माझं मला कळलं होतं. मी तुला नाही म्हणणारच होते. पण ते मला म्हणू द्यायचं होतंस!"

तो अगदी हळू म्हणाला, "मग म्हण ना आता. मी ऐकतोय."

शब्द तो केवढा! पण ओठांपर्यंत यायचा आणि माघारी फिरायचा. तो मान किंचित कलती करून, वाट बघत उभा होता. माणसं त्याला वळसा घालून बसमध्ये चढत होती. रांग संपली. वाहकानं घंटी वाजवली, पुन्हा वाजवली.

धाकटीनं डोळे पुसले आणि आपलं कोपर त्याच्या मनगटाला टेकवलं. इतक्या महिन्यांत त्यानं कधी कुणाचा आधार घेतला नव्हता. माझी काठी बरी, म्हणायचा. आज त्यानं काठीची घडी घालून पिशवीत खोचली आणि तिचं कोपर धरलं. बस जेमतेम पंधरा पावलांवर होती. दोघं जितकं सावकाश चालता येईल तितकं सावकाश चालली.

दाराशी ती थांबली. त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याचा हात दाराच्या दांडीवर नेऊन ठेवला.

"पहिली पायरी उंच आहे," ती म्हणाली. "जपून चढ."