सपाट जमिनीचा उतार

हरवलेलं नाट्यगृह शोधायचं असेल तर आधी त्याचा मागचा दरवाजा शोधावा. पुढचा दरवाजा लोकांच्या आठवणीत असतो, आणि आठवणीवर विसंबून नकाशा काढला तर रस्ते नदीत जाऊन पडतात. मागचा दरवाजा भिंतीत असतो. नेपथ्याचे उंच फलक आत न्यायचे म्हणून तो माणसाच्या दुप्पट उंच ठेवलेला असतो. पुढे तिथे गोदाम होवो की दवाखाना, तो विटांनी बुजवला तरी गिलाव्याखालून त्याची चौकट दिसत राहते. मला तरी दिसते. मोजणी खात्यात उभा जन्म गेलाय माझा. निवृत्त झाल्यावर शहरातल्या पाडलेल्या, विसरलेल्या सगळ्या नाट्यगृहांचा नकाशा करायला घेतला आणि एक सोडून सगळी सापडली. एक आता बँक आहे, एकाच्या जागी गाड्या उभ्या राहतात, आणि एकाच्या रंगमंचावर दंतवैद्य दाढा उपटतो. तिथला आरडाओरडा पूर्वीपेक्षा खरा वाटतो, एवढाच फरक.

उरलं ते मावशीचं. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तरुणपणी ती तिथे प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. सगळं शहर समोर बसलेलं असताना कुणालाच न दिसण्यात हिची उमेद गेली, असं आई म्हणायची. मावशीला ते मुळीच पटत नसे. "मी नसते तर एकेक जण तोंडात मारल्यासारखा उभा राहिला असता," ती म्हणायची. आता ती माझ्याकडेच असते. सकाळी मला 'फूटपट्टी' म्हणते, हे तिनेच ठेवलेलं नाव. दुपारपर्यंत कधीकधी तेही तिच्या हातून निसटतं आणि ती मला पाहुण्यासारखं 'बसा' म्हणते. नाट्यगृह कुठे होतं ते तिला सांगता येईना. पाट्या रंगवणारे एक म्हातारबुवा शपथेवर सांगत की ते कालव्याकाठी होतं. एक निवृत्त नर्स तितक्याच शपथेवर सांगत होत्या की स्टेशनामागे होतं. मी दोघांचा चहा घेतला आणि माझ्या वाटेने शोधत राहिलो. जागा सापडली आणि मावशीला तिथे नेऊन उभं केलं, तर तिच्या डोक्यातलं काहीतरी जागेवर येईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

उंच चौकट दिसली ती एका अरुंद बोळात, कपडे शिवायच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीत. पुढे वळसा घालून मी मालकीणबाईंना भेटलो. चटपटीत बाई. गळ्यात टेप, केसांत पेन्सिल.

"नाट्यगृह? असेल बाई," त्या म्हणाल्या. "आम्ही घेतली तेव्हा आत नुसती मोकळी जागा होती. फरशी आमचीच. बघा काय बघायचं ते, फक्त बायकांच्या मध्ये येऊ नका."

लांबलचक दालन होतं. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, नव्या कापडाचा खळीचा वास, मशिनच्या तेलाचा वास. बायका रांगा करून बसल्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं समोरच्या कोऱ्या भिंतीकडे होती.

"रांगा अशा तुम्हीच लावल्यात?" मी विचारलं.

"छे हो. मी आडव्या लावल्या होत्या, खिडकीचा उजेड कामावर पडावा म्हणून. ह्यांनी हळूहळू फिरवून घेतल्या. विचारलं तर म्हणतात, असं बसलं की बरं वाटतं."

तेवढ्यात कुणाच्या तरी हातून दोऱ्याचं रीळ पडलं. ते मशिनींच्या पायांमधून वाट काढत घरंगळत गेलं आणि समोरच्या भिंतीशी जाऊन थांबलं. कुणी वळूनही पाहिलं नाही. भिंतीच्या पायथ्याशी आणखी बरीच रिळं पडलेली होती.

प्रेक्षागृहाची जमीन रंगमंचाकडे उतरती असते. मला मनातून आनंद झाला. मी पिशवीतून पाणसळ काढली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. चार ठिकाणी ठेवून पाहिली. जमीन आरशासारखी सपाट होती. माझ्या पायाशी पडलेलं एक रीळ उचलून मी जपून आडवं ठेवलं. ते क्षणभर थांबलं आणि मग भिंतीकडे निघालं.

मशिनींची थरथर, मी स्वतःशी म्हटलं. माझ्याकडे कारण नेहमी तयार असतं.

मग दुपारची सुट्टी झाली. मशिनी एकेक करून थांबल्या. बायका उठतील, डबे उघडतील, गलका होईल असं मला वाटलं. कुणी उठलं नाही. सगळ्या हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या. एक बाई उशिरा आत आली, ती कंबरेत वाकून, कुणाच्या आड येऊ नये अशी, आपल्या जागेपर्यंत गेली. बऱ्याच वेळाने सगळ्या एकदम हसल्या. मोठ्याने नाही. एखाद्या चांगल्या वाक्याला दाद द्यावी तितपत.

"रोजचंच आहे," मालकीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "कशाला हसलात म्हणून विचारलं की मलाच वेड्यात काढतात. काम चोख करतात, म्हणून मी लक्ष देत नाही."

त्या का कुजबुजतायत, हे मी विचारलं नाही. मीही कुजबुजतच बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन गेलो. त्या दिवशी सकाळपासूनच ती मला 'बसा' म्हणत होती. गाडीतून उतरताना तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं. पण दालनात पाऊल टाकलं आणि तिने माझा हात सोडला. रांगांच्या कडेकडेने ती झपाझप चालत गेली. कापडाचे गठ्ठे रचले होते त्या कोपऱ्यात, भिंतीच्या अगदी डाव्या टोकाला, अंग चोरून उभी राहिली. अशी की समोर बसलेल्या कुणालाही दिसू नये.

मशिनी थांबल्या.

मावशीचे ओठ हलायला लागले. ती काहीतरी बोलायची, थांबायची, मान पुढे काढून भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेकडे बघायची आणि पुन्हा तेच बोलायची. मी जवळ गेलो.

"मावशी?"

"श्श. अडकलाय."

"कोण?"

"शब्द देतेय मी. घेतच नाहीये."

"चल, घरी जाऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत तिची नजर इतकी स्वच्छ दिसली नव्हती. "मध्येच सोडून कशी येऊ रे, फूटपट्टी? छताला तडा गेला म्हणून लोकांना बाहेर काढलं. सांगितलं, जरा वेळाने पुढे सुरू करू. पडदा कुठे पाडला होता?"

ती पुन्हा वळली. तिचा आवाज बसत चालला होता, चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, पण ती थांबेना. मी तिला दंड धरून ओढलं. पाप्याचं पितर झालेली माझी मावशी, पण जमिनीत रोवलेला खांब ओढावा तसं झालं. ही इथेच, अशीच उभ्या उभ्या संपेल, असं मला स्पष्ट दिसलं.

मी घाबरून हातपाय गाळणारा माणूस नाही. कुणीतरी वाक्य घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती. तर मग कुणीतरी घ्यायचं.

मी तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"या घराची किल्ली…" ती म्हणत होती. "या घराची किल्ली…"

मी भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो. बायकांकडे तोंड केलं.

"या घराची किल्ली," मी म्हणालो.

रांगांमधून एक निःश्वास गेला. सुटल्यासारखा.

मी मावशीकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती निवांतपणे माझ्याकडे बघत होती.

"माझ्याकडे नाही," माझाच आवाज म्हणाला. "येताना मी ती पाण्यात टाकली. आता तुम्हीही बाहेर जाणार नाही आणि मीही."

पुढचं वाक्य आलं. मग त्याच्या पुढचं. मी अडखळलो नाही.

माझ्या पाठीला भिंत होती. तिथून वारा येत होता. ओल्या रंगाचा, चेहऱ्याला लावायच्या पावडरचा वास असलेला, मागे खूप मोठी जागा असावी तसा वारा.

एका ठिकाणी बायका हसल्या. मी त्यांचं हसू ओसरू दिलं. मग पुढे बोललो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मावशीच्या हाताचा स्पर्श झाला तेव्हा अंक संपला होता.

"छान झालं," ती म्हणाली. "चल, भूक लागली."

ती माझ्या हाताला धरून, पाय ओढत, पूर्वीसारखीच हळूहळू चालत बाहेर आली. गाडीत बसल्यावर तिच्या गालांवर रंग परतला होता. तिने खिडकीची काच खाली केली आणि रस्त्यावरच्या दुकानांची नावं एकेक करून बरोबर वाचून दाखवली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच नकाशा मांडीवर पसरला आणि शेवटचा ठिपका पेनाने देऊन टाकला. जागेबद्दल आता शंका नव्हती.

पिशवी आत राहिली होती. ती आणायला मी परत गेलो.

दालनात सगळ्या तशाच बसून होत्या. दाराजवळच्या रांगेतली एक पोक्त बाई, बंद डबा हातात धरून, मला बघताच अदबीने उठली.

"मध्यंतर मोठं आहे ना?" तिने विचारलं. "जेवून घेऊ का?"

"सावकाश जेवा," मी म्हणालो. "घंटा होईलच."