हेल्मेटला टेकलेला आवाज

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सासरे आत्ता, या क्षणी, शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेत. कान तिखट आहेत त्यांचे, म्हणून हळू सांगते.

मी मूळची साताऱ्याची. मॉस्कोला शिकायला आले, लग्न करून इथलीच झाले. आमच्या या वसाहतीत दर जिन्यात एखादा तरी अंतराळात जाऊन आलेला माणूस सापडेल. वरच्या गप्पा इथे भाजी निवडता निवडता चालतात. ही गोष्ट मात्र कोणी काढत नाही.

एकोणनव्वदचा हिवाळा. त्या अंतराळ स्टेशनचं नाव मी मुद्दाम घेत नाही.

रात्र कोणती म्हणाल, तर वर दर दीड तासाला एक रात्र होते. सूर्य पृथ्वीआड जातो आणि अर्धा-पाऊण तास नुसता काळोख. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा.

वर तिघं होते. माझे सासरे रोदिओन पावलोविच, त्यांच्या जोडीचा इंजिनियर इल्दार आणि कमांडर साव्वा. सासरे आणि इल्दार वर्षानुवर्षं एकाच जोडीत. अहो-जाहो कधीच गळून पडलेलं, पावलोविचचं नुसतं 'पावलिच' झालेलं. इल्दार वयाने धाकटा, पण जीभ थोरली.

झालं असं, की सामान घेऊन आलेलं यान जोडताना घासलं आणि मोठ्या सौर पॅनेलचं बिजागर वाकलं. पॅनेल अर्धवट मिटून बसलं. वीज इतकी तुटपुंजी, की बाहेरचे सगळे दिवे बंद, आत तिघं लोकरी टोप्या घालून झोपायचे. हे पॅनेल सुरू झालं नाही तर स्टेशन सोडून खाली या, असा हुकूम होता.

प्रवासाला निघण्याआधी इकडे रशियात सगळे क्षणभर खाली बसतात. प्रवास सुखाचा होतो म्हणे.

"वजनच नाही, तर बसायचं कशावर?" साव्वा कुरकुरला.

"तुझ्या अकलेवर. ती तशीही रिकामीच असते," इल्दार म्हणाला.

हसत हसत बाहेर पडले दोघं.

काम सरळ होतं. सासऱ्यांनी बिजागरात पहार घालून पॅनेल उघडं धरून ठेवायचं. इल्दारने मागच्या बाजूला जाऊन तुटलेल्या तारा जोडायच्या. ऊन पडलं की साव्वाने आत वीज मोजायची. दोघं एकमेकांना दिसत नव्हते, मध्ये अख्खं पॅनेल होतं.

प्रत्येकाच्या कमरेला दोन हूक, स्टेशनच्या बाहेरच्या दांड्यांना अडकवायचे. नियम एकच. एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

आणि आणखी एक. बाहेर हवा नाही, म्हणून आवाज नाही. रेडिओ स्टेशनच्या विजेवर चालायचा, अंधारात तो बहुधा मरायचा, मध्येच कधी खरखरायचा. मग बोलायचं असलं तर एकच उपाय. हेल्मेटला हेल्मेट टेकवायचं. काचेतून बोलणं ऐकू येतं.

पहिला अंधार झाला.

सासरे पहार धरून उभे होते. स्वतःच्या श्वासाशिवाय काही नाही.

आणि...

टक्.

कोणीतरी त्यांच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवलं.

"पावलिच, माझा हूक अडकलाय रे. सोडव ना."

इल्दारचा आवाज. त्याचं ते नाकातलं बोलणंसुद्धा तसंच.

"जागा कशाला सोडलीस, गाढवा?" म्हणत सासऱ्यांनी चाचपडलं. हाताला हूक लागला. त्यांनी खटका दाबला...

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"पावलिच, झोपलास काय? माझे पाय गारठले इकडे."

इकडे म्हणजे पॅनेलच्या पलीकडे.

सासऱ्यांचा अंगठा खटक्यावरच थिजला.

सूर्य उगवला. आजूबाजूला कोणी नव्हतं. हातातला हूक त्यांचा स्वतःचाच होता. दुसराही सुटून तरंगत होता. तो कधी सोडला, त्यांना आठवेना.

त्यांना दरदरून घाम फुटला. पण आत जाऊन सांगणार काय? म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाले असते. त्यांनी फक्त इल्दारला बजावलं. "नीट ऐक. अंधारात कोणी हेल्मेट टेकवलं, तर ऐकायचं नाही. अगदी माझा आवाज आला तरी नाही. मी इथून हलणार नाही."

"तुझं मी उजेडात तरी कुठे ऐकतो?"

"इल्दार, थट्टा नाही. तुझ्या मुलाची शपथ घे."



"बरं बाबा, घेतली."

तारा जोडून होत आल्या. आता पुढच्या उन्हात चाचणी. तोवर पहार सोडली, तर बिजागर कायमचं तुटणार.

दुसरा अंधार झाला.

रेडिओ अजून धुगधुगत होता. त्यात इल्दारचा आवाज आला, जरा वैतागलेला.

"हलणार नाही म्हणालास ना? मग आलास कशाला?"



"इल्दार... मी बिजागरापाशीच आहे."

श्वास. नुसता श्वास.

"मग माझ्या हेल्मेटला हे कोण..."

"हूक बघ! तुझे हूक!"

"एकच आहे... दुसरा तू आत्ताच काढलास ना? पावलिच, तू म्हणालास बदलायचाय..."

रेडिओ मेला.

सासरे सांगतात, विचार असा केलाच नाही. खड्ड्यात गेलं पॅनेल! त्यांनी पहार सोडली. पॅनेल मिटल्याचा हादरा दांड्यातून हातात आला. स्टेशन गेलं, हे त्यांना तेव्हाच कळलं. तरी एकेक हूक बदलत, चाचपडत ते पलीकडे निघाले.

हाताला बूट लागला. मग गुडघा. इल्दार दांड्याला चिकटून होता.

सासऱ्यांनी हेल्मेट टेकवलं. "मी आहे रे, पावलिच! दांडा धर, मी हूक लावतो."

इल्दारने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं.

बरोबरच होतं त्याचं! त्यांनीच बजावलं होतं. माझा आवाज आला तरी ऐकायचं नाही.

पुन्हा जवळ गेले. पुन्हा ढकललं. आता इल्दारचे दोन्ही हात सुटले होते आणि उरलेल्या हुकाच्या खटक्यावर कोणाची तरी बोटं होती... त्याची की आणखी कोणाची, सासरे आजही सांगू शकत नाहीत.

मग ते बोललेच नाहीत. बोलून काय उपयोग? बोलायला तर त्यालाही येत होतं.

त्यांनी गुपचूप स्वतःचा हूक इल्दारच्या पट्ट्याच्या कडीत अडकवला, दुसरा दांड्याला, आणि त्याला डाव्या बाजूने घट्ट मिठी मारली. इल्दार धडपडला, लाथा मारल्या, मग हळूहळू शांत झाला.

सूर्य उगवला, तेव्हा तिथे दोघंच होते.

आत आल्यावर साव्वाने आकाशपाताळ एक केलं. "पॅनेल का सोडलंत? चाचणी तोंडावर असताना?"  थोड्या दिवसांत तिघं खाली आले. स्टेशन सोडून दिलं.

परतताना यानात इल्दारने एकदाच तोंड उघडलं.

"पावलिच, मला धरल्यावर तू काही बोलत होतास?"

"नाही. एक शब्दही नाही."

इल्दारचा चेहरा पांढराफटक पडला.

"उजव्या बाजूने कोणीतरी शेवटपर्यंत हेल्मेट टेकवून होतं. तुझ्याच आवाजात. रडत होतं. 'इल्दार, तू कोणाला धरलंयस? मी इकडे आहे रे. मला हूक लाव. माझा हात सुटतोय...' आणि मग आवाज लांब लांब गेला."

हेल्मेट टेकलेलं असताना आवाज लांब कसा जाईल? मला विचारू नका. मला नाही माहीत.

त्या दिवसापासून इल्दार आमच्या घरी आला नाही. चार इमारती सोडून राहतो. सासऱ्यांनी जीव धोक्यात घालून याला वाचवलं, आणि हा समोरून दिसला की रस्ता ओलांडतो. सासरे त्याच्या वाढदिवसाला दरवर्षी खिडकीशी बसून राहतात. मला फार वाईट वाटायचं. राग यायचा त्या माणसाचा.

म्हणून परवा बाजारात गाठलाच मी त्याला. म्हटलं, "तुम्हाला काही लाज? ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याशी असं वागता?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. त्याचे डोळे भरले होते.

"सूनबाई, मी एकाला धरलं आणि एकाला सोडलं. कोणाला धरलं, ते मला आजही ठाऊक नाही. तू तर रोज त्यांच्याबरोबर राहतेस. तूच सांग... ते पावलिचच आहेत ना?"

"म्हणजे काय? अर्थात!" मी फटकन म्हणाले.

घरी येताना मी जिन्यातच थांबले.

मी या घरात लग्न करून आले त्र्याण्णवला. वर जाण्याआधीचे सासरे मी कधी पाहिलेच नाहीत.

पाहिलेत ते सासूबाईंनी. रोज रात्री त्या माझ्या मुलीच्या खोलीत येऊन झोपतात. सासरे घोरतात, असं त्या सांगतात.

मी कधी त्यांचं घोरणं ऐकलेलं नाही. सासूबाईंना विचारायचा मात्र धीर होत नाही.