बिरसूचं शांत पोट

सोमवारी सकाळी कानोबाने चार वर्षांच्या बिरसूच्या पोटाला आपला वाटीसारखा कान लावला, दहा श्वास मोजले आणि सांगितलं, "आवाज नाही. पोट भरलेलं. वाढीव पेज नाही."

सगुणीने भावाला उचललं आणि ती रांगेबाहेर आली. त्याच्या बरगड्या तिच्या हाताला टोचत होत्या. पोट भरलेलं असेल तर हे पोरगं दर आठवड्याला हलकं का होत होतं?

कानोबा हा यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र). वर उन्हाचा पारा बावन्न अंशांवर जायला लागल्यापासून दोनशे माणसं त्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत राहत होती. धान्य पिंजऱ्यातून (खाणीत सामान उतरवणाऱ्या पाळण्यातून) यायचं, आणि कमीच यायचं. ज्याचं पोट गुरगुरेल ते मूल उपाशी, एवढंच कानोबाला शिकवलं होतं. दर सोमवारी तो उपाशी मुलांचा आकडा वर धान्य पाठवणाऱ्यांना कळवायचा. तेवढ्यांसाठीच जास्तीचं पीठ खाली यायचं.

बिरसूच्या मागे मुकादम दिगांबरचा गणू होता. त्याचं पोट असं गडगडलं की रांगेतली माणसं हसली. "पोटात ढोल घेऊन आलास काय रे?" कुणीतरी म्हणालं. गणूला पेज मिळाली. त्याच्या ओठांना तर अजून चटणी लागलेली होती.

सगुणी तडक मडावी आबाजींकडे गेली. आबाजी चाळीस वर्षं गुरांचे डॉक्टर होते. आता गुरं उरली नव्हती, पण आजारी माणसाच्या पोटाला कान लावायची त्यांची सवय सुटली नव्हती. त्यांनी बिरसूला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ ऐकलं.

"गाईचं पोट मिनिटाला एक-दोनदा गडगडायलाच हवं," ते म्हणाले. "शांत गाय दिसली की मी पळत जायचो. शांत पोट म्हणजे भरलेलं पोट, हे या यंत्राला कुणी शिकवलं?"

"मग पोट वाजतं कशाने, आबाजी?"

आबाजींनी सायकलची जुनी, कापलेली ट्यूब काढली. तिचं एक टोक बांधलं, आत घोटभर पाणी ओतलं, बरीचशी हवा राहू दिली आणि दुसरं टोकही बांधलं. मग ती एका टोकापासून मुठीने आवळत नेली. ट्यूब गुरगुरली.

"जठर (अन्नाची पिशवी) आणि आतडं अशीच आवळत असतात. याला आकुंचन म्हणतात. आतली हवा आणि पाणी पुढे ढकललं जातं, त्याचा हा आवाज."

मग त्यांनी ट्यूबमध्ये ओला चिखल कोंबला आणि पुन्हा आवळली. जेमतेम चुळचुळ झाली.

"अन्न असलं की आवाज दबतो. तरी हवा गिळत घाईघाईने खाल्लं तर भरलं पोटही वाजतं. गणूसारखं."

"आणि रिकामं?"

"रिकाम्या पोटात दर दीड-दोन तासांनी एक मोठी लाट येते. ती उरलंसुरलं झाडून पुढे नेते. घर रिकामं झालं की झाडतात ना, तसं. तेव्हा जोरात वाजतं. काही मिनिटांनी थांबतं. भूक मात्र तिथेच असते."

सगुणी विचारात पडली. "म्हणजे कानोबा दोन लाटांच्या मधे आला, तर..."

"तर उपाशी पोरगं त्याला भरलेलं वाटणार. आणि खाल्लं की ती लाट मोडते. आज सकाळी याला काही दिलं होतं का?"

सगुणीने मान खाली घातली. खाणवस्तीत चारचौघांत लेकराचं पोट वाजलं की त्याच्या आईला लाज वाटे. म्हणून बायका रांगेत जाण्याआधी मुलांना दोन-तीन चमचे पेज पाजत. सगुणीची माय अनुसया तर रविवारची स्वतःची वाटी त्यासाठी राखून ठेवायची आणि आपण पाणी पिऊन झोपायची.

आबाजींनी जुन्या पिशवीतून मोजपट्टी काढली आणि बिरसूच्या दंडाभोवती गुंडाळली. अकरा सेंटिमीटर.

"पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा दंड साडेअकराच्या खाली गेला तर त्याचा जीव धोक्यात आहे. चल."

रांग अजून संपली नव्हती. आबाजींनी सगळं समजावून सांगितलं तेव्हा कानोबा म्हणाला, "मला फक्त ऐकायला शिकवलं आहे."

"मग आता मोजायला शिक."

मुकादम पुढे आला. "आबाजी, तुम्ही गुरांचे डॉक्टर. माणसांत कशाला पडता?"

"गुरं बोलत नाहीत, दिगांबर. आणि इथली माणसंही बोलत नाहीत."

"बरं, मग ज्याचं लेकरू उपाशी असेल त्याने सांगावं पुढे येऊन!"

कुणी हललं नाही. बायकांनी पदर सावरले. सगुणी मायकडे पाहत राहिली.

अनुसयाचे ओठ दोनदा हलले. मग ती म्हणाली, "माझा बिरसू उपाशी आहे. मीच त्याचं पोट गप्प करून आणत होते."

तिच्यामागून सुंदरी आली, आपली दोन वर्षांची मुलगी खांद्यावर टाकून. मग बाकीच्या आल्या. पट्टी दंडांवरून फिरत राहिली. कानोबा आकडे घेत होता.

"सकाळपासून चारच मोजले होते," शेवटी तो म्हणाला. "आता सतरा. तेवढे वर कळवतो. मी चुकीचं कळवत होतो."

मुकादमाने गणूची पेजेची वाटी मुकाट्याने आणून आबाजींपुढे ठेवली.

"एकदम पोटभर नको," आबाजींनी आयांना बजावलं. "सुकलेल्या शरीराला एकदम झेपत नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं, सावकाश, घोट घोट. पोट कमी गुरगुरावं यासाठीही हाच उपाय आहे. थोडं थोडं खावं, नीट चावावं, खाताना बडबडून हवा गिळू नये. पण त्यासाठी खायला असावं लागतं."

तीन दिवस होतं तेवढंच सतरा वाट्यांत वाटलं गेलं. बुधवारी दुपारी सुंदरीची मुलगी गेली. तिचा दंड साडेनऊ होता. शेवटचे दोन दिवस तिचं पोट अगदी शांत होतं.

गुरुवारी वरचं चाक करकरलं आणि पिंजरा खाली आला. सतरा मुलांचं पीठ होतं, सतरा पुड्यांत बांधलेलं. कानोबा नावं वाचत गेला. बिरसूची पुडी सगुणीने छातीशी धरली. शेवटचं नाव सुंदरीच्या मुलीचं होतं.

सुंदरी उठली. तिने पुडी घेतली, थोडा वेळ हातात तोलली आणि अनुसयाच्या ओटीत ठेवली.

"कालपासून तू काही खाल्लं नाहीस," ती म्हणाली.

मग आबाजींकडे वळून तिने हात पुढे केला. "ती पट्टी द्या इकडे. कशी धरायची ते दाखवा. सोमवारी मी मोजते."